दोन बोटं कमी पडलेली दोरी

(आश्विन वद्य एकादशी. घनसावंगी तालुक्यातील एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील रात्रीचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)



बसा मायबाप, बसा. पुढच्या मंडळींनी जरा सरकून घ्या. आयाबाया अजून येताहेत, कडेवर लेकरं आहेत त्यांच्या. लेकरांना मागं धाडू नका. आज लेकरांचंच कीर्तन आहे. रडलं तर रडू द्या, आमचे मृदंगाचार्य ताल सांभाळून घेतील.

सेवेकरिता आज संत जनाबाईंचा दळणाचा अभंग घेतला आहे. तो तुम्ही मघाशी टाळकऱ्यांबरोबर म्हटला. त्याच्याकडे आपण येऊ, पण वळसा घालून येऊ. आधी भागवताच्या दशम स्कंधात जाऊ, गोकुळात, यशोदामाईच्या अंगणात.

आज रमा एकादशी. उद्या वसुबारस. उद्या घरोघरी गाय-वासराची पूजा होईल, आयाबाया लेकरांसाठी उपवास धरतील. आणि मी गावात येताना काय पाहिलं? वेशीबाहेर ट्रक उभे. कुणी पाडवा करून निघणार, कुणाला मुकादम पाडवाही करू देणार नाही. म्हणजे एका बाजूला गाय-वासराची पूजा, आणि दुसऱ्या बाजूला त्याच आठवड्यात गावातली माय एकीकडं आणि लेकरू दुसरीकडं. म्हणून आजचा विषय हाच. नवरा-बायको दोघं कामाला जातात, लेकरू लहान आहे. त्यानं कुणाकडं पाहायचं?

म्हणा, विठ्ठल विठ्ठल.

(गजर)

ऐका. दशम स्कंधाचा नववा अध्याय. दामोदरलीला. ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली. लोणी खाल्लं, मडकं फोडलं, आईनं बांधलं. पण अध्यायाचं तोंड कुणी नीट वाचत नाही. तिथं पहिल्यांदा काय सांगितलं? घरच्या दासी दुसऱ्या कामाला लावल्या होत्या, म्हणून नंदराणी स्वतः दही घुसळायला बसली. बघा, व्यासांनी बारीक नोंद केली. नंदाघरची राणी, पण त्या दिवशी हाताखाली माणूस नाही. काम अंगावर पडलं.

आणि नेमका त्याच वेळी कृष्ण आला. लेकरांना ते बरोबर कळतं. आईचे दोन्ही हात गुंतले की त्यांना भूक लागते! रवी धरून ठेवली, घुसळू देईना. यशोदेनं मांडीवर घेतला, पाजायला लागली. तोवर चुलीवरचं दूध उतू आलं. झालं! एकीकडं पान्हा, एकीकडं उतू जाणारं दूध. तिनं काय केलं? लेकरू खाली ठेवलं, पोट भरलेलं नव्हतं तरी खाली ठेवलं, आणि चुलीकडं धावली.

आता सांगा, यशोदा वाईट आई आहे का? नाही. ते दूध तरी कुणासाठी तापत होतं? त्याच घरासाठी, त्याच लेकरासाठी. कामही लेकरासाठीच आणि लेकरू खाली ठेवलं तेही कामासाठीच. हीच खरी कोंडी आहे मायबाप. आईबाप पैशाच्या लोभानं लेकरू सोडून जातात असं पारावर बसून बोलणं सोपं आहे. ज्याची चूल उतू चालली त्यालाच ते कळतं.

पुढं देवानं रागानं मडकं फोडलं. आईनं धरलं, उखळाला बांधायला दोरी आणली. दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या आणल्या, तरी दोन बोटं कमी! घामाघूम झाली, केसांतली फुलं गळाली.

आळंदीला शिकत होतो तेव्हा याचा अर्थ सांगत. एक बोट जिवाच्या प्रयत्नाचं, एक बोट देवाच्या कृपेचं. दोन्ही मिळाली की देव बांधला जातो. हा परमार्थातला अर्थ, तो मुकुटस्थानी आहे. पण मला त्याच दोरीत संसारातलाही अर्थ दिसतो. ज्या घरात दोघं कामाला जातात आणि लेकरू लहान आहे, त्या घराची दोरी कायम दोन बोटं कमी पडते. पगार जोडा, उचल जोडा, आजीचं पेन्शन जोडा, दोन बोटं कमीच. ती दोन बोटं कोणती? एक बोट बापाचं. दुसरं बोट गावाचं. आईची दोरी अपुरी नाही. ती घरातली सगळी दोरी लावून बसली आहे. कमी पडतंय ते दुसऱ्यांचं.

(विठ्ठल विठ्ठल)

आता आपल्या जालना जिल्ह्याकडं या. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, इथून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. कुणी साताऱ्याला, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. आपल्या तालुक्यात ऊस नाही का? आहे. गोदाकाठी जायकवाडीचं पाणी आहे, अंकुशनगरला कारखाना आहे. तरी हजारो घरांना कुलूप लागतं, कारण सगळ्यांच्या वाट्याला पाणी नाही.

या धंद्याचा एक शब्द आहे. कोयता. शहरातल्या माणसाला विचारा कोयता म्हणजे काय, तो सांगेल ऊस तोडायचं हत्यार. पण मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल दिली जाते ती कोयत्याला. तोडायची नवऱ्यानं, मोळी बांधायची बायकोनं, आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. मला सांगा, या हिशेबात लेकरू कुठं आहे? दोन माणसांचा मिळून एक कोयता झाला, तिसरा जीव वहीत नाहीच! तो कोपीवर आहे, तो फडाच्या बांधावर आहे, तो झोळीत आहे, पण वहीत नाही.

आणि बाईचा दिवस कसा? पहाटे तीन-चारला उठायचं. चूल, भाकरी, पाणी. उजाडायच्या आत फडावर. पाचटानं अंग कापतं. संध्याकाळी कोपीवर आली की पुन्हा चूल. रात्री गाडी भरायला आली की पुन्हा उठायचं. लेकरू आजारी पडलं आणि एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा. खाडा म्हणजे मजुरी बुडाली आणि वर कापूनही घेतात. आजारी लेकराजवळ बसायचा दंड भरावा लागतो, असा हा धंदा आहे.

मागं एका गावात कीर्तन झालं, महाप्रसाद झाला. एक पोरगी पाया पडायला आली, वीस-बावीस वर्षांची. कडेवर दीड वर्षाचं, हाताला सहा वर्षांची मुलगी. म्हणाली, "महाराज, बारक्याला नेऊ का ठेवू? सासूला दिसत नाही नीट. नेलं तर फडावर ट्रॅक्टर, साप, बिबट्या. ठेवलं तर अजून अंगावर पितंय. आन मोठीला नेलं तर तीच त्याला सांभाळती, पर तिची शाळा जाती."

काय उत्तर द्यायचं? देवावर भार टाक म्हणायचं? अहो, देवावर भार टाकायला ती कमी करत नव्हती. तिच्या शेजारी तिचा मालक उभा होता, मोबाइलमध्ये बघत. मी त्याला हाक मारली. म्हटलं, "बाबा, ही मला विचारतीय. तुला विचारलं का?" तो म्हणाला, "ते बायकांचं असतंय, महाराज."

इथं पहिलं बोट कमी पडलं.

(रामकृष्णहरी)

पुरुष मंडळी, आता जरा तुमच्याकडं. रागवायचं नाही.

मला पुष्कळ जण सांगतात, "महाराज, मी बायकोला घरकामात मदत करतो." चांगलं आहे. पण शब्द तपासा. धुऱ्यापलीकडचा शेजारी येऊन दोन दिवस कोळपणी करून गेला, त्याला मदत म्हणतात. वाटेकरी करतो त्याला मदत म्हणत नाहीत, तो त्याचा वाटा असतो. लेकरात तू शेजारी आहेस का वाटेकरी? आडनाव तुझं लागलं, मग वाटा कुठं गेला?

हे फडावरच्यांना सांगतो तसंच नोकरदारांनाही सांगतो. जालन्यात दोघं नोकरी करणारी जोडपी आता घरटी झाली. ती शिक्षिका, तो बँकेत. ती दवाखान्यात नर्स, तो एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या. तिची दिवसपाळी संपते तेव्हा त्याची रात्रपाळी सुरू होते. दोघांची भेट गेटवर, लेकरू हातातून हातात. कुणी रोज अंबडहून, कुणी परतूरहून एसटीनं, रेल्वेनं ये-जा करतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. त्याची सुरू होते का? तो म्हणतो, दमलो. ती काय जत्रेहून आली?

आणि लेकरू रडायला लागलं की हातात मोबाइल. नवी दाई! ना पगार मागते, ना सुट्टी. यशोदेचं लेकरू लोणी चोरत होतं. आपल्या लेकरांचं बालपणच चोरीला चाललंय, आणि चोराला रोज रात्री चार्जिंगला आपणच लावतो.

कायद्याचंही जरा ऐका, कीर्तनात कायदा कुठून आला म्हणू नका. लेकराच्या हक्काचं आहे ते. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवडे पगारी रजा. आणि जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघराची सोय पाहिजे, आईला दिवसातून ४ वेळा लेकराकडं जाता आलं पाहिजे. किती लेकीबाळींना हे ठाऊक आहे? विचारा, मागा. मागण्यात पाप नाही.

आणखी एक. राज्य सरकारनं २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा काढली. आईला मिळते. बापाला कधी? बायको वारलेली असेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. बघा! म्हणजे सरकारलासुद्धा बाप कधी आठवला? आई उठूच शकत नाही तेव्हा! सरकार आपल्यासारखंच आहे, कारण ते आपल्यातूनच झालं आहे. आपण घरात बापाला जागा दिली तर उद्या कागदावरही येईल.

आणि लक्षात घ्या, हे सारं ज्यांचं नाव हजेरीपटावर आहे त्यांच्यासाठी. मुकादमाच्या वहीतल्या बाईच्या हातात यातलं काही पडत नाही. तिचे २६ आठवडे फडावरच जातात.

(विठ्ठल विठ्ठल)

आता दुसरं बोट. गावाचं.

जनाबाईंकडं येऊ. गोदामाईच्या काठानं खाली गेलं की परभणी जिल्ह्यात गंगाखेड. तिथली जनी, पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या, धुणं. रात्री उशिरा जात्यावर बसली आणि खुंट्याला दुसरा हात लागला. पाहते तो पांडुरंग! आता विचार करा. देवाला जनीला मुक्तीच द्यायची होती तर जातंच नाहीसं केलं असतं. तसं केलं नाही. येऊन खुंटा धरला. जातं दोघांनी ओढलं की हलकं होतं, हे दळणाऱ्या बाईला विचारा. देवाची कृपा कशी येते? तिसरा हात होऊन येते. ज्या घरात हात कमी पडतात त्या घरात देव हात होऊन येतो. आणि आज कोणाच्या हातानं येणार? तुमच्या आमच्याच.

गाईकडून शिका, उद्या वसुबारस आहे म्हणून सांगतो. गाय सकाळी रानात जाते, तिचीही ड्यूटीच आहे ती! वासरू दिवसभर दावणीला. संध्याकाळी गाय वेशीपासून हंबरत येते, कास भरलेली. आता दूध काढणारा जाणता असेल तर काय करतो? आधी वासरू पाजून घेतो, मग पिळतो, आणि एखादा सड वासरासाठी राखतो. जो चारी सड कोरडे करतो, त्याचं वासरू मरतं, आणि वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. मग त्याचंही भांडं रिकामं. हे मुकादमांना सांगतो, कारखानदारांना सांगतो, साहेबांना सांगतो. माणसाकडून काम घ्या, पण चारी सड पिळू नका. लेकराचा वाटा राखून घ्या. त्यात तुमचाही तोटा नाही.

(गजर: ज्ञानोबा माउली तुकाराम)

आता आख्यान लावतो. गोरोबाकाकांचं. तेर गाव, आपल्या मराठवाड्यातलं, तेरणेच्या काठचं. काका कुंभार. माती आणायची, भिजवायची, तुडवायची, चाकावर धरायची, भट्टी लावायची. बायको संती. दोघं कामाची माणसं, आणि घरात रांगतं लेकरू.

त्या दिवशी काका चिखल तुडवत होते. घरात पाण्याचा थेंब नाही. संती घागर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, लेकराकडं जरा लक्ष द्या. काकांनी ऐकलं का नाही, देव जाणे. मुखात नाम, डोळे मिटलेले, पाय चिखलात, आणि ब्रह्मानंदी टाळी लागली. लेकरू बापाकडं रांगत आलं. लेकरू दुसरं कुणाकडं जाणार? बाप आहे समोर! रांगत आलं आणि चिखलात गेलं. चिखल लाल झाला. काकांना भान नाही.

(मंडळी स्तब्ध)

संती आली. डोक्यावर घागर. पाहिलं. तिनं फोडलेला टाहो मी वर्णन करू शकत नाही, आणि करणारही नाही. इथं बसलेल्या आया जाणतात.

आम्ही कीर्तनकार ही कथा देहभान हरपण्याची म्हणून सांगतो. ते खरंच आहे. ती तन्मयता तुम्हा-आम्हाला सात जन्मांत यायची नाही. पण संतीचं कुणी सांगत नाही. ती काय चुकली? पाण्याला गेली. पाण्यावाचून चूल नाही, पाण्यावाचून चिखलही नाही. काका काय चुकले? ते पोटाचंच काम करत होते, देवाचं नाव घेत. मग घडलं कसं? घरात तिसरं माणूस नव्हतं. आणि तेर गाव काही ओसाड नव्हतं मायबाप. शेजार होता, आळी होती. पण त्या घटकेला त्या अंगणात कुणी नव्हतं.

पुढची कथा तुम्हाला माहीत आहे. संतीनं विठ्ठलाची शपथ घातली, मला शिवू नका. काकांनी शपथ पाळली. पुढं धाकट्या बहिणीशी, रामीशी लग्न लावून दिलं, सासऱ्यानं सांगितलं दोघींना सारखं वागवा, तर काका दोघींपासून दूर राहिले. एके रात्री झोपेत हात लागला, शपथ मोडली, म्हणून काकांनी स्वतःचे हात तोडले. पाहा, ज्या हातांनी लेकरू उचलायचं होतं ते हातच गेले.

आणि मग पंढरी. नामदेवरायांचं कीर्तन. संतमंडळी बसलेली. नामदेवांनी सांगितलं, सगळ्यांनी हात वर करा, टाळी वाजवा. काकांनी थोटे हात वर केले आणि हातांना हात फुटले! संतीनं हंबरडा फोडला, देवा, माझं लेकरू. आणि लेकरू कुठून आलं? मंडळींच्या मधून रांगत आलं!

इथं थांबा. लेकरू परत कुठं मिळालं? घराच्या अंगणात नाही. चार भिंतींत नाही. सभेत मिळालं. दहा माणसांच्या मांड्यांमधून, टाळांच्या मधून, रांगत आईपर्यंत आलं, आणि कुणाच्या पायाखाली आलं नाही. जे एकट्या घरात गेलं, ते देवानं सभेत परत दिलं. मग ही सभा कशासाठी आहे? नुसती टाळ्या वाजवायला? देवानं काकांना हात परत दिले ते टाळीसाठी, आणि टाळी झाल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल? मला तर वाटतं, लेकरू उचललं असेल.

बोला, गोरोबाकाका महाराज की जय!

(गजर)

आता नुसतं डोळे पुसून घरी जायचं नाही. मी गावोगाव सांगतो ते इथंही सांगतो. चार गोष्टी.

पहिली. शाळेतलं लेकरू फडावर न्यायचं नाही. गावात शाळेची हंगामी वसतिगृहं चालतात, आईबाप गेले की लेकरांची सोय व्हावी म्हणून. गुरुजींना उद्याच भेटा. नसेल तर मागणी करा, ट्रक निघून गेल्यावर नाही, आधी. २०२१ साली सरकारनं ऊसतोड्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना काढली, पहिल्या टप्प्यात बीड, नगर आणि आपला जालना. बाबा स्वतः कीर्तनकार होते. त्यांच्या नावाच्या वास्तूत लेकरू शिकलं तर ते कीर्तनाचंच फळ. आणि मुलगी सहा वर्षांची असो का दहा, तिला भावाची आई करू नका. ती स्वतः लेकरू आहे.

दुसरी. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबरच राहणार, त्याला दुसरा उपाय नाही. मग टोळीनं विचार करावा. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईला त्यांच्याकडं नेमा आणि तिला मजुरी द्या. मातीकामाला जे सुचलं ते उसाला का सुचू नये? टोळीत दहा-बारा कोयते असतात. एका मावशीला लेकरांसाठी धरा, तिची मजुरी सगळ्या कोयत्यांत वाटून घ्या, आणि मुकादमानंही त्यात आपला वाटा घालावा. निघतानाच हे बोलून घ्या. लसीचं कार्ड बरोबर ठेवा, जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव सांगा.

तिसरी, बापांना. सकाळी ती भाकरी करते तेव्हा लेकराचं तोंड तू धुवायचं. रात्री गाडी भरून आल्यावर एकदा तरी लेकरू तुझ्या अंगावर झोपलं पाहिजे. शहरातला असशील तर घरात शिरल्यावर मोबाइल खुंटीला, लेकरू कडेला. नामस्मरणाला हात लागत नाहीत, हात मोकळेच आहेत. ओवी म्हणत पाळणा हलव. दोन्ही होतं.

चौथी, जे गावात राहणार त्यांना. म्हाताऱ्या माणसांवर लेकरं टाकून लेकी-सुना जातात. त्या म्हातारीला सत्तर वर्षं झाली, गुडघे गेले, डोळे गेले. तिला एकटीला सोडू नका. तुम्ही सात दिवस या मंडपात रोज शेकडो पानं वाढली. आळीतली दोन-चार लेकरं सहा महिने तुमच्या पंगतीला जड होतील का? आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, आत्ता ठरवा. फोन कुणाच्या घरून लावायचा, रोज संध्याकाळी आईचा आवाज लेकराला कोण ऐकवणार, आत्ता ठरवा.

आपल्याच तालुक्यात जांब आहे, समर्थांचं जन्मगाव. समर्थ लहान वयात घर सोडून गेले आणि माय राणूबाई चोवीस वर्षं वाट पाहत राहिली, डोळे गेले तिचे. तिथं लेकरू गेलं आणि माय वाट पाहत बसली. इथं माय जाते आणि लेकरू वेशीकडं डोळे लावून बसतं. समर्थ जगाच्या कल्याणाला गेले होते. ही माय मीठ-भाकरीला जाते. तिला कुणी हसू नये आणि तिच्या लेकराला पोरकं म्हणू नये.

आता शेवट, आणि तो भागवतातच आहे. यशोदेनं लेकरू उखळाला बांधलं आणि पुन्हा घरकामाला गेली. व्यास पुन्हा सांगतात, आई कामात गुंतली होती. देव उखळ ओढत गेला, दोन अर्जुनवृक्षांमध्ये उखळ अडकलं, झाडं कडाडून पडली. तेव्हा कोण धावलं? नंद धावला, सगळे गोप धावले. आणि दोरी कुणी सोडली? नंदबाबानं सोडली, हसत. बाप आला. उशिरा आला, पण आला, आणि आईला एक शब्द बोलला असं भागवतात नाही. हे विशेष ध्यानात ठेवा. घरी येऊन, "तुझं लक्ष कुठं होतं," असं नंद म्हणाला नाही.

आणि मग? उपनंद म्हणून एक वयोवृद्ध, जाणता गोप होता. त्यानं सभेत सांगितलं, इथं लेकरांच्या जिवाला घोर आहे, आपण वृंदावनाला जाऊ. आणि सगळ्यांनी गाडे जुंपले. वस्तीच्या वस्ती उठली! कशासाठी? राज्यासाठी नाही, पिकासाठी नाही. लेकरांसाठी. गोकुळानं लेकरांसाठी गाव हलवलं. आपल्याला गाव हलवायचं नाही मायबाप. गावानं नुसतं हलायचं आहे, जागचं उठायचं आहे.

उद्या वसुबारस. गाईला ओवाळाल, वासराला गूळ-बाजरी द्याल, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी खाल. त्या आधी सकाळी काकड्याला या. काकडा झाला की पारावर बसून यादी करा. कोण चाललं, कुणाचं लेकरू मागं राहिलं, कुणाच्या ओट्यावर कोण जाणार. दोरी आईनं आणलीच आहे. आपली दोन बोटं आपण लावू.

पांडुरंगा, जी माय चार दिवसांनी ट्रकमध्ये चढेल तिचं लेकरू आणि जी माय सकाळच्या एसटीनं ड्यूटीला जाईल तिचं लेकरू, दोन्ही तुझ्या कडेवर असू देत. आणि तुझी कडी म्हणजे आम्हीच, हे आम्हाला विसरू देऊ नकोस.

सेवा माउलींच्या चरणी अर्पण. आता पसायदान म्हणू, मग आरती.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!